संप मिटला, पण गेलेल्या तारखेचे काय?



एरवी या पानावर मी हरभऱ्यावरची घाटेअळी, बीजप्रक्रिया, नाहीतर पीक विम्याची शेवटची तारीख असे काहीबाही लिहीत असतो. आज विषय दवाखान्याचा घेतला आहे. शेतीखात्याच्या माणसाला दवाखान्यातले काय कळते, असे कोणी म्हणेल. कळत नाही, हे कबूल. पण संपातले कळते, कारण संपात मी स्वतः बसलो होतो. आणि दवाखान्याच्या दारातून ज्यांना परत फिरावे लागले, ते माझ्याच घरचे होते. तेव्हा दोन्ही बाजूंनी बोलण्याचा थोडासा हक्क पोचतो.

१४ मार्च २०२३ ची गोष्ट. राज्यातले सरकारी, निमसरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी बेमुदत संपावर गेले. १ नोव्हेंबर २००५ पासून जे नोकरीला लागले त्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना नाही, आणि मी लागलो २०१४ साली. म्हणजे मागणी माझीही होती. तहसील कचेरीसमोर मांडव पडला. तलाठी, ग्रामसेवक, मास्तर, आम्ही कृषी सहायक (आता पदाचे नाव 'सहायक कृषी अधिकारी' झाले आहे, पाटी बदलली, मोटारसायकल तीच), सगळे एका सतरंजीवर. आमच्याच शेजारी उपजिल्हा रुग्णालयातल्या परिचारिका, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, कक्षसेवक, सफाई कामगार बसलेले. डॉक्टर मंडळी बहुतेक कामावर होती.

त्याच आठवड्यात आभाळ फाटले, हे तुम्हाला सांगायला नको. अवकाळी पाऊस, गारा, काढणीला आलेला गहू लोळला, हरभऱ्याची गंजी भिजली. तुम्ही मला फोन करत होता आणि मी उचलत होतो. पण बांधावर येऊ शकत नव्हतो. पंचनामे अडले. विधानसभेतही त्यावरून आरडाओरडा झाला. २० मार्चला संप मागे घेतला गेला आणि मग आम्ही रात्री अंधार पडेपर्यंत शिवारात फिरलो. पाडवा २२ तारखेला होता. त्या दिवशी गुढी उभारून मी सरळ बांधावर गेलो, हे ज्यांच्या शेतात गेलो त्यांना आठवत असेल. भिजलेला दाणा काळा पडला होता, तरी पंचनामा झाला. उशिरा का होईना, कागद पुढे गेला.

आता दुसरी बाजू ऐका. आमचे थोरले चुलते, त्यांना आम्ही आबा म्हणतो. वय ६४. हर्नियाचा त्रास जुना. पोते उचलले की जांघेत गोळा यायचा, झोपले की आत जायचा. दोन महिने हेलपाटे घातल्यावर उपजिल्हा रुग्णालयात ऑपरेशनची तारीख मिळाली, १६ मार्च. आदल्या दिवशी भरती व्हायचे होते. घरातली एक शेळी विकून त्यांनी वरखर्चाला पैसे जवळ ठेवले होते. सकाळच्या एसटीने चुलती आणि आबा गेले. डॉक्टर हजर होते, त्यांनी तपासलेसुद्धा. पण ऑपरेशन थिएटरची सिस्टर नाही, रक्ताची तपासणी करायला माणूस नाही, वॉर्डात बघायला कोणी नाही. डॉक्टर म्हणाले, "बाबा, मी एकटा कापून काय करू? नंतर तुम्हाला सांभाळणार कोण?" त्यांचे बरोबरच होते. अगदी तातडीची आणि बाळंतपणाची कामेच चालू ठेवली होती, नर्सिंग शिकणाऱ्या मुलींना हाताशी धरून. आबांच्या चिठ्ठीवरची तारीख खोडली गेली. नवी तारीख "संप मिटल्यावर विचारा".

संप मिटल्यावर विचारले, तर ४ मे. म्हणजे आबा नव्याने रांगेत, सगळ्यात मागे.

एप्रिलच्या मध्यात एका रात्री तो गोळा बाहेर आला तो आत जाईना. ओकाऱ्या सुरू झाल्या, पोट फुगले. आतड्याला पीळ पडला की वाट बघायला वेळ नसतो, हे आम्हाला तेव्हा कळले. १०८ ला फोन केला, गाडी आली, पण उपजिल्हा रुग्णालयात त्या रात्री भूलतज्ज्ञ नव्हते. तिथून जिल्ह्याच्या गावी. चुलतभावाच्या जिवाला धीर निघेना म्हणून वाटेतच एका खासगी दवाखान्यात नेले. तो दवाखाना सरकारी योजनेत नव्हता. बिल झाले ७२ हजार. आबा वाचले, हे देवाचे देणे. हळदीचे पैसे यायचे होते, त्यावर उचल घेतली, ती फेडायला पुढचा हंगाम गेला.

बरे झाल्यावर आबा ओसरीवर बसून मला एकच वाक्य बोलले. "तू पण त्याच मांडवात होतास ना रं?" रागाने नाही बोलले. चहा पिता पिता बोलले. मला उत्तर देता आले नाही. तो गोळा १६ मार्चच्या आधीही अडकू शकला असता, मग संपाला कोणी दोष दिला नसता. मनाची अशी समजूत मी घालतो. पण तारीख पाळली गेली असती तर एप्रिलमध्ये अडकायला गोळाच राहिला नसता, हेही तितकेच खरे आहे.

म्हणून सांगतो, दवाखान्यातला संप आणि आमच्या खात्यातला संप एका तराजूत घालता येत नाही. शेताचा पंचनामा आठ दिवसांनी करता येतो. माणसाच्या बाबतीत पंचनामा हा शब्दच नको.

इथे पुष्कळ लोक एकदम दुसऱ्या टोकाला जातात. "या नर्सा माजल्यात, पगार कमी आहे का, काढून टाका सगळ्यांना." पारावर असे बोलणारे तुम्हीही ऐकले असतील. त्यांच्यासाठी एक रात्र सांगतो.

दोन वर्षांपूर्वीच्या भादव्यात माझ्या सज्जातल्या एका गावात कापसावर फवारणी करताना एका तरुण पोराला विषबाधा झाली. तोंडाला फडके नाही, वाऱ्याच्या तोंडावर फवारणी, आणि दोन औषधे एकत्र कालवलेली. मी गावातच होतो म्हणून बरोबर गेलो. जाताना औषधाची बाटली सोबत घेतली. (ही गोष्ट लक्षात ठेवा: विषबाधेच्या रोग्याबरोबर बाटली किंवा डबा न्यायचाच. त्यावरचे नाव वाचून डॉक्टरांना उपचाराची दिशा मिळते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसे गेली आणि शेकडो दवाखान्यात पडली, ते आपण अजून विसरलेलो नाही.) बाटली ऑरगॅनोफॉस्फरस गटातली निघाली. या विषावर अॅट्रोपिनची इंजेक्शने देतात. पण ती एकदा टोचली आणि झाले, असे नसते. सुरुवातीला दर पाच-दहा मिनिटांनी बघावे लागते. छातीत घरघर कमी झाली का, नाडी किती, डोळ्याची बाहुली केवढी, तोंडाला फेस येतो का. औषध कमी पडले तर छाती पाण्याने भरते, जास्त झाले तर रोगी बरळायला लागतो, अंथरुणातून उठून पळतो. त्या रात्री डॉक्टर येऊन मात्रा सांगून गेले, दोनदा परत येऊन बघूनही गेले. पण रात्रभर त्या पोराच्या खाटेशी होती ती सिस्टर. आणि त्या वॉर्डात तेवढे एकच पोर नव्हते. चाळीसच्या वर खाटा, दोन खाली गाद्या टाकलेल्या, आणि सिस्टर एक. पहाटे चारला तिने मला विचारले, "दादा, तुम्ही जागेच आहात तर याचे ठोके मोजता का, मी तिकडे सलाईन बदलून येते." मी ठोके मोजले. शेतीची पदविका घेतलेल्या माणसाने मनगटावरचे घड्याळ बघून ठोके मोजले, अशी आपल्या सरकारी वॉर्डाची स्थिती. त्या दिवशी संप नव्हता, बरं का.

साप चावल्यावरही तेच. लस टोचली की घरी, असे नाही. काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटांत ते गोठते का, हे बघायचे, पुन्हा काही तासांनी तपासायचे, लसीची रिअॅक्शन येते का त्यावर डोळा ठेवायचा. हे सगळे बघणारी माणसे म्हणजे परिचारिका आणि तंत्रज्ञ. डॉक्टर हा दवाखान्याचा नांगर म्हणा, पण पेरणीपासून राखणीपर्यंतचे काम या माणसांचे आहे.

हे मी मनाने सांगत नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात १९८४ ते २००४ या काळात परिचारिकांचे जे संप झाले, त्यांचा ग्रुबर आणि क्लायनर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशोब मांडला. संपाच्या दिवसांत भरती झालेल्या रोग्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी वाढलेले निघाले. म्हणजे एरवी जिथे १०० दगावले असते तिथे ११८. विशेष म्हणजे ज्या रुग्णालयांनी बदली परिचारिका आणल्या होत्या, त्यांचीही स्थिती काही बरी नव्हती. उलट डॉक्टरांच्या संपांचा जगभरातला आढावा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मृत्यू वाढलेले आढळले नाहीत, काही ठिकाणी तर कमी झालेले दिसले. त्यावरून डॉक्टर नसले तरी चालते, असा अर्थ कोणी काढू नये. त्या संपांत नियोजित ऑपरेशने पुढे ढकलली गेली होती आणि तातडीचे रोगी वरिष्ठ डॉक्टर बघत होते. आणि पुढे ढकललेल्या ऑपरेशनवाल्याचे नंतर घरी काय होते, हे संपाच्या आठवड्याच्या आकड्यात येत नाही. आमचे आबा कुठल्याही आकड्यात नाहीत.

आता संप होतात का? २०२२ च्या मे महिन्यात आपल्या राज्यातल्या परिचारिका रस्त्यावर आल्या, त्या बाह्यस्रोतातून, म्हणजे ठेकेदारामार्फत भरती करू नका म्हणून. २०२४ च्या सुरुवातीला आशाताईंचा संप महिनाभराहून जास्त चालला, तो मानधनवाढीचा शब्द दिला होता त्याचा कागद निघेना म्हणून. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानातले कंत्राटी कर्मचारी बसले, ते दहा-दहा वर्षे कंत्राटावर काढल्यावर कायम करा म्हणून. यात कोणती मागणी माजलेपणाची आहे, ते पारावरच्या मंडळींनी सांगावे. आपल्या गावच्या उपकेंद्रात जाऊन बघा. समुदाय आरोग्य अधिकारी कंत्राटी, पुष्कळ ठिकाणी आरोग्यसेविकाही कंत्राटी. पाच हजार लोकांमागे एक उपकेंद्र, तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हे कागदावरचे प्रमाण आहे. इमारत उभी असते, आतली माणसे किती आणि कायमची किती, हे विचारायचे.

तेव्हा संप करूच नका असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मी स्वतः त्या सतरंजीवर बसलेला माणूस आहे, आणि त्या संपाच्या वेळीच पेन्शनची समिती बसली, पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने नवी योजना मान्य केली. न बसता ते झाले असते, असे मला वाटत नाही. पण माझी तक्रार दोघांकडेही आहे.

सरकारकडे ही की, संपाची नोटीस आठ-पंधरा दिवस टेबलावर पडून असते तेव्हा कोणी बोलावत नाही. संपाचा पहिला दिवस उजाडला की मग कायदा आठवतो. २०२३ च्या त्या संपाच्या आठवड्यातच विधिमंडळात अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा, ज्याला आपण 'मेस्मा' म्हणतो, पुन्हा मंजूर झाला. कायद्याने माणूस वॉर्डात आणून उभा करता येतो. चाळीस खाटांना पुरी पडेल अशी दुसरी सिस्टर कायद्याने उगवत नाही, त्यासाठी रिकामी पदे भरावी लागतात.

आणि संघटनांकडे, म्हणजे आमच्याकडेच, ही की, दवाखान्यात संपाच्या आधी काय चालू राहणार याची यादी ठरत नाही. २०२३ मध्ये आमच्या मांडवात याची चर्चा झालीच नाही. घोषणा काय द्यायच्या ते ठरले, जेवणाची वर्गणी ठरली. बाळंतपणाचा वॉर्ड, अपघात विभाग, अतिदक्षता, नवजात बाळांचा कक्ष, डायलिसिस, रक्तपेढी, ऑक्सिजन, एवढे सोडून बाकी बंद, असे संघटनेने आणि अधीक्षकांनी मिळून लिहून दवाखान्याच्या दारावर लावले, आणि पाळीने कोण कोण थांबणार त्यांची नावे लावली, तर संपाची धार काही बोथट होणार नाही. उलट लोक बाजूने येतील. सकाळची एसटी धरून तालुक्याला गेलेल्या माणसाला दारात जाऊन कळावे की आज काही नाही, यासारखा अपमान नाही.

पण सगळ्यात मोठी माझी मागणी तारखेची आहे. कालव्याच्या पाण्याचे आपल्याला माहीत आहे. पाळी आली आणि वीज नाही, चारी फुटली, काहीही होऊन एखाद्याचे भरणे राहिले, तर शहाणा पाटकरी पुढच्या आवर्तनात आधी त्याचे रान भिजवतो. त्याला शेपटाला नेऊन बसवत नाही. दवाखान्यात नेमके उलटे होते. संपामुळे ज्याची तारीख गेली तो शेवटच्या नंबरावर. माझे म्हणणे असे, की संप मिटल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे रविवारी, सुट्टीच्या दिवशीही थिएटर चालवावे आणि खोडलेल्या तारखा आधी काढाव्यात. आम्ही पाडव्याला पंचनामे केले ना? मग तिथे का होऊ नये? यासाठी नवा कायदा लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही. अधीक्षकांनी नोंदवही उघडायची आणि फोन करायचे.

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील मंडळींना थोडे सांगायचे आहे. संपाची बातमी पेपरात आधी येते. ती वाचली की त्याच दिवशी आशाताईंना बोलावून घ्या (त्या संपात नसतील तर, असतील तरी माहिती त्या देतील, एवढी माणुसकी त्यांच्यात आहे). नववा महिना लागलेल्या बाया किती, कोणाची पहिली खेप, कोणाचे आधीचे सिझर, ते लिहून घ्या. डायलिसिसचा रोगी गावात असेल तर त्याचा आठवड्यातला वार लिहा. क्षयरोगाच्या, रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या संपत आलेल्यांना संपाच्या आधीच उपकेंद्रातून गोळ्या नेऊन ठेवायला सांगा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपल्या जिल्ह्यातली कोणती खासगी रुग्णालये अंगीकृत आहेत, तिथल्या आरोग्यमित्राचा फोन कोणता, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रंगवून ठेवायला हरकत नाही. आमच्या घरी त्या रात्री हे कोणालाच माहीत नव्हते. माहीत असते तर गाडी दुसऱ्या दारात थांबली असती आणि ७२ हजार वाचले असते. गावची आरोग्य व पोषण समिती कागदावर आहेच, तिचा थोडाफार निधीही असतो. रात्रीच्या गाडीच्या डिझेलला तो कामी यावा.

आणि मांडवात बसलेल्या सिस्टरशी भांडायला जाऊ नका. ती उद्या तुमच्याच खाटेशी उभी राहणार आहे. जायचेच असेल तर तिच्यासमोर शांतपणे विचारा, "ताई, तुमचे बरोबर आहे, पण माझ्या माणसाची तारीख कोणाकडे मागू?" या प्रश्नाचे उत्तर तिच्याकडे असलेच पाहिजे, आणि साहेबांकडेही.

आबा आता बरे आहेत. पोते उचलत नाहीत, पण बैलाला वैरण टाकतात. ४ मेची चिठ्ठी त्यांनी वापरली नाही, कारण गरज उरली नव्हती. ती तारीख दुसऱ्या कोणाला मिळाली की रिकामीच गेली, कळायला मार्ग नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत संपामुळे ज्यांची ऑपरेशनची किंवा तपासणीची तारीख गेली आणि अजून मिळाली नाही, असे रोगी आपापल्या घरात, भावकीत असतील तर त्यांनी जुन्या चिठ्ठीची झेरॉक्स घेऊन बाजाराच्या दिवशी पंचायत समितीच्या आवारात, कृषी विभागाच्या खोलीबाहेर मला भेटावे. रुग्ण कल्याण समितीला एकच एकत्र अर्ज द्यायचा आहे. अर्ज लिहून मी देईन, सह्या मात्र तुमच्या लागतील. माझी चालणार नाही, मी सरकारी नोकर पडलो. येताना रेशनकार्डही आणा.